मोरसच्या बेटावरील एक दिवस



आपल्या वाडवडिलांच्या तोंडी ‘मोरस साखर’ असा शब्द असे. मोरस म्हणजे मॉरिशस. ती साखर ज्यांच्या घामातून निघाली, त्यांत आपल्या कोकणचेही पुत्र होते. आमच्या पणजोबांचे धाकटे बंधू त्यांपैकीच एक. ‘मोरसला जातो’ एवढा निरोप मुंबईहून आला. पुढे काहीच कळले नाही.

गतवर्षी आम्ही उभयता त्या बेटावर गेलो. सकाळी पोर्ट लुई बंदरातील आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर या बेटात आले. त्यांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये हे ठाणे उभारण्यास आरंभ झाला. २००६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. धक्क्यावरील सोळा दगडी पायऱ्या आम्ही सावकाश चढलो.

दुपारी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गेलो. मजुरांच्या जुन्या नोंदवह्या तेथे जतन केल्या आहेत. नाव, पित्याचे नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरील खूण असा तपशील त्यांत आढळतो. नावे ऐकीव उच्चारावरून रोमन लिपीत लिहिलेली. आपल्या पूर्वजांच्या नावाचे तिघे निघाले. पित्याचे नाव व गाव जुळले ते एकाचेच. शेवटी शेरा होता : आगमनानंतर चौथ्या वर्षी मृत्यू.

इकडे त्यांच्या पत्नीने पुढे चाळीस वर्षे कुंकू लावले, सणावारी पतीच्या नावाचे पान वाढले. ते अज्ञान त्या माउलीचे दुर्दैव की भाग्य, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. सायंकाळी समुद्रतीरी जाऊन आम्ही दोघांच्याही नावे पाण्याची ओंजळ सोडली.

तेथील मराठी बांधवांनी आमचे आगतस्वागत केले. त्यांनी आमचे गाव विचारले, जात विचारली नाही. यावरही आपण स्वस्थपणे विचार करावा.

बंधुभगिनींनो, आम्हांस वाट सापडली ती आजीने पाठ करून घेतलेल्या दोन नावांमुळे. आपणही घरातील वृद्धांजवळ बसून पूर्वजांची नावे, मूळ गाव व वाडी, परागंदा झालेल्यांची माहिती लिहून ठेवावी. घर सोडून गेलेल्या कन्यांची व सुनांची नावेही त्यांत अवश्य असावीत. वंशावळींत त्यांनाच जागा मिळत नाही. वृद्ध गेले की ही माहिती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.