बिल दाखवा!

(रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या ज्येष्ठ नागरिकांच्या रविवारच्या बैठकीत केलेले भाषण)



घरच्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज कसं घ्यावं आणि कसं टाकावं, यावर मला बोलायला सांगितलं आहे. मी त्यातला तज्ज्ञ नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, नंतर अकरा वर्षं आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. तेव्हा बोलणार ते हिशेबाच्याच भाषेत.

खजिनदार असताना माझं एक वाक्य तुम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं – "बिल दाखवा!" एकदा टाकीचा व्हॉल्व्ह बदलणाऱ्या प्लंबरचे आठशे रुपये मी तीन दिवस अडवून ठेवले. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे कुठलं आलंय बिल बुक?" मी ऐकलं नाही. आज कबुली देतो. ज्या कॉम्प्युटरवर मी त्याचं व्हाउचर टाइप केलं, त्यातल्या विंडोजचं बिल माझ्याकडेही नव्हतं.

२०१९ साली मी तो कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. दुकानातल्या मुलाने विंडोज १० टाकून दिलं. पाचशे रुपये रोख. "काका, सगळे असंच टाकतात." मी, बिल मागणारा माणूस, गप्प बसलो. ती कॉपी चालू व्हावी म्हणून त्याने आधी अँटिव्हायरस बंद केला होता. म्हणजे वॉचमनला चहाला पाठवायचं आणि तिजोरी उघडायची! आणि त्या तिजोरीत काय, तर तुमची नावं, फोन नंबर आणि सोसायटीचे हिशेब.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही. पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, म्हणजे कुलूप जुनं आणि चोर नवे. अस्सल विंडोज १० असेल आणि मशीन त्या ताकदीचं असेल, तर विंडोज ११ फुकट मिळतं. माझं अस्सल कुठलं? विकत घेणं भाग होतं.

नातू म्हणाला, "आजोबा, लिनक्स टाका. फुकट आहे आणि कायदेशीर आहे." बरोबर आहे त्याचं. आपल्या सी-डॅकने केलेली 'बॉस' ही त्यातलीच. ज्यांना मेल, यूट्यूब आणि चार पत्रं एवढंच करायचंय, त्यांनी जरूर विचार करावा. माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून मी विंडोज ११ होम घेतलं. ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत 'की' विकणारे भेटतात. काही हजारांची वस्तू चारशेला मिळते, तेव्हा काय समजायचं ते समजावं. मी जीएसटीचं बिल घेतलं आणि फाइलला लावलं. की पंचवीस अक्षरांची असते, पाच-पाचचे पाच गट. आपल्या रौप्यमहोत्सवाला साजेशीच!

पैसे भरण्याआधी मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम चालवून बघा. माझ्याकडे त्याने सांगितलं, टीपीएम २.० सापडत नाही. घाबरलो. पण ती सोय मशीनमध्ये होती, फक्त बंद होती. नातवाने बायोसमध्ये जाऊन चालू केली. असं बऱ्याच ठिकाणी असतं. लगेच नवीन कॉम्प्युटर घ्यायला धावू नका.

आता मुख्य गोष्ट. कोरं विंडोज टाकताना जुनं सगळं पुसलं जातं. म्हणून मी दोन हार्ड डिस्कवर कॉपी केली. बँकेतली सवय, नुसतं लिहिलं म्हणजे झालं असं नाही, टॅली करायचं. सूनबाईंच्या लॅपटॉपवर एकेक फाइल उघडून पाहिली. फोटो आले, हिशेब आले. आणि एका फोल्डरमध्ये नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी!

ती आपल्या पहिल्या चार वर्षांची इतिवृत्तं होती. २६ जुलै २००५चा पाऊस जुन्या लोकांना आठवत असेल. तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं आणि मिनिट बुकचा लगदा झाला. आपले पहिले सेक्रेटरी घरी सगळं टाइप करून ठेवायचे, म्हणून ते वाचलं. ते गृहस्थ आज आपल्यात नाहीत. ती फाइल पुढे माझ्याकडे आली. ती जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर होता आणि मी तो दुसऱ्या दिवशी पुसणार होतो.

फॉन्टचं फोल्डर कॉपी केलं, लॅपटॉपवर टाकलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, "पहिली सर्वसाधारण सभा". मग नातवाने सगळं युनिकोडमध्ये करून दिलं. आता ते मोबाइलवरही वाचता येतं. एक छापील प्रत ऑफिसात आहे, एक पेन ड्राइव्ह सेक्रेटरींकडे.

पुढचं सोपं होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आठ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार केला आणि तासा-दीड तासात काम झालं. इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. त्याचा पासवर्ड डायरीत लिहा आणि डायरी कपाटात ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका.

तुमच्या घरी जुनी मराठी पत्रं, कविता, लग्नाच्या याद्या टाइप केलेल्या असतील, तर आधी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. अडलं तर माझ्याकडे या.

परवा तोच प्लंबर आला होता. त्याला हे सगळं सांगितलं, आणि ते तीन दिवस अडवल्याबद्दल माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, तुमच्याकडेही बिल बुक नव्हतं!"