डोंगरी सायकल आणि तिची निगा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. साठी उलटलेल्या, मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या शाळामास्तरानें व्याकरणावर बोलावें, फार तर मुलांच्या अक्षरावर बोलावें. डोंगरावर चालवावयाच्या सायकलीवर बोलण्याचा अधिकार त्यानें कोठून आणला? अधिकार मजजवळ एकच आहे. या सायकलीच्या बाबतींत मीं एक मोठी चूक केली, आणि तिचें प्रायश्चित्त माझ्या नातवास भोगावें लागलें. दुसऱ्यांच्या चुकीच्या उत्तरांवर तांबडी रेघ ओढण्यांत माझा जन्म गेला. तेव्हां आज माझ्याच पाटीवरचें चुकलेलें गणित आपणांपुढें सोडवून दाखवितों.

मी शाहूपुरींत राहतों. राजर्षि शाहू महाराजांनीं वसविलेल्या या व्यापारी पेठेंत माझ्या लहानपणीं तासाच्या भाड्यानें सायकली मिळत. दांडीखालून पाय घालून मी सायकल शिकलों, आणि पुढें नोकरीच्या तीसाहून अधिक वर्षांत काळ्या रंगाची, रॉड-ब्रेकची उंच सायकल हीच माझी सोबतीण झाली. तिची निगा राखण्याचें माझें शास्त्र सोपें होतें. कोठें कुरकुरलें कीं तेल द्यावें, आणि वर्षांतून एकदां मिस्त्रीकडून सर्व भाग सुटे करून धुवून घ्यावे. ‘ओव्हरहॉलिंग’ या शब्दाचें आपल्या दुकानांतून ‘ओव्हरऑइलिंग’ असें जें रूपांतर झालें आहे, त्यांत माझें सारें शास्त्र सामावलेलें होतें.

पुढें माझ्या चौदा वर्षांच्या नातवासाठीं घरांत डोंगरी सायकल आली. जाड, दांतेरी टायर. पुढच्या चिमट्यांत धक्के सोसणारी स्प्रिंग. पुढें तीन आणि मागें सात दंतचक्रें. प्रथमदर्शनीं मला ती एखाद्या खेळण्यासारखी वाटली. परंतु गणिताची संवय जाईना, म्हणून मीं दांत मोजले. माझ्या जुन्या सायकलीस पुढें ४४ आणि मागें १८ दांत. म्हणजे पायडल एकदां फिरलें कीं मागचें चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें, आणि सायकल सुमारें १८ फूट पुढें जाते. नातवाच्या सायकलीचें पुढचें सर्वांत लहान चक्र २२ दांतांचें आणि मागचें सर्वांत मोठें ३४ दांतांचें. ती जोडी लावली असतां पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल साडेचार फूटही धड जात नाहीं. अंतर चौथाईवर आलें, म्हणून पायांवरचा भारही त्याच मानानें हलका झाला. जो चढ मी सायकल हातांत धरून चढतों, तो हा मुलगा बसल्या बसल्या कां चढतो, तें कोडें तेव्हां उलगडलें.

या सायकलीचा जन्मही उद्बोधक आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यांत कांहीं तरुण, जुन्या जाड टायरच्या सायकली भंगारांतून सोडवून डोंगरउतारावर पळवीत असत. फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका मातीच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली शर्यत लावली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतरणारी ती वाट. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबांत असे आणि पायडल उलटें दाबलें कीं तो लागे. उतरतांना हब इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून धूर होई, आणि खालीं पोंचल्यावर हब उघडून नवें ग्रीस भरावें लागे. ‘पुन्हा भरणें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचें नांवच ‘रिपॅक’ पडलें. पुढें १९७७ साली त्यांच्यापैकीं जो ब्रीझ यानें मुद्दाम डोंगरासाठीं सांगाडा बनविला. टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ली केली यांनीं १९७९ पासून अशा सायकली विकावयास आरंभ केला. आणि १९९६ साली अटलांटा येथें ही शर्यत ऑलिंपिकमध्यें दाखल झाली. आपल्या महाराष्ट्रांतही संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनीं या प्रकारांत राष्ट्रीय स्पर्धांतून नांव मिळविलें आहे. सांगावयाचें तात्पर्य इतकेंच कीं, या सायकलीच्या इतिहासाचें पहिलें पान ब्रेकाच्या अडचणीनें लिहिलें गेलें आहे. मीं तें पान वाचलें तें अपघात झाल्यानंतर.

२०२२ च्या डिसेंबरांतील एका रविवारीं आम्ही आजा-नातू पन्हाळ्यास जावयाचें ठरविलें. आदल्या संध्याकाळीं मीं दोन्ही सायकली पुसल्या. नातवाच्या सायकलीचा ब्रेक दाबला असतां चीं चीं असा आवाज येई. या सायकलीस चाकाच्या मध्याजवळ, हबाला लागून, पोलादाची एक पातळ तबकडी असते. ब्रेक दाबला कीं दोहों बाजूंनीं दोन लहान गुटके तिला चिमटींत धरतात. आवाज तेथूनच येत होता. मीं शिवणयंत्राच्या तेलाची कुपी उचलली, आणि पुढच्या व मागच्या अशा दोन्ही तबकड्यांस नीट तेल दिलें. आवाज तत्काळ थांबला. मी समाधानानें निजलों.

दुसरे दिवशीं पंचगंगेचा पूल ओलांडून आम्ही केर्लीपर्यंत आलों. तेथें नातू म्हणाला, “आबा, ब्रेक आज मऊ लागतोय.” मी म्हणालों, “तेल नवं आहे, चार मैल गेलास की बसेल.” श्रोतेहो, तेल दिलें ही माझी पहिली चूक, पण मुलानें स्वतः होऊन शंका विचारली असतां ती उडवून लावली, ही त्याहून मोठी.

वाघबिळाशीं रत्नागिरीचा रस्ता सोडून आम्ही पन्हाळ्याकडे वळलों. चढावर ब्रेकाचें काम पडत नाहीं. तो सावकाश बसून वर गेला, मी सायकल ढकलीत मागाहून पोंचलों. तीन दरवाज्यापाशीं बसून आम्हीं भाकरी खाल्ली. सभोवारच्या प्रदेशाहून पन्हाळा सुमारें ४०० मीटर उंच, म्हणजे त्या कॅलिफोर्नियाच्या उताराएवढाच. उतरतांना नातू पुढें निघाला. दुसऱ्याच वळणापलीकडून त्याची हांक ऐकूं आली, “आबा, ब्रेक लागंना!”

वळण घेऊन पाहतों तों मुलगा डोंगराच्या अंगच्या चरांत, वाळल्या गवतांत पडलेला. वेग वाढत आहे हें पाहून त्यानें आपण होऊनच सायकल तिकडे घातली होती. मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्यें राहिला. रस्त्याच्या दुसऱ्या अंगास काय होतें, तें त्यानंतर मीं अनेक रात्रीं मनांत पाहिलें आहे.

आमच्या पेठेंतील वृद्ध मिस्त्रींपुढें मीं ती सायकल नेऊन उभी केली. त्यांनीं तबकडीवर बोट फिरविलें, बोट हुंगलें आणि ते म्हणाले, “गुरुजी, समदं कुरकुरणं तेलासाठी नसतंय. ही कोरडीच पायजे.” गुटके त्यांनीं काढून फेकून दिले, कारण त्यांत एकदां मुरलेलें तेल सहसा निघत नाहीं. तबकड्या त्यांनीं स्पिरिटनें पुसून घेतल्या. घरीं येतांना मी विचार करीत होतों. माझ्या जुन्या सायकलीचा ब्रेकही घर्षणावरच चालतो. तेथें रबर रीमला घांसतें. त्या रीमवर तेल ओतावें असें मला जन्मांत कधीं वाटलें नाहीं. मग तबकडीवर कां वाटलें? कारण ती हबाजवळ होती, आणि हबाजवळ तेल द्यावयाचें हें माझ्या हातास ठाऊक होतें. हातानें काम केलें, डोक्यास कोणीं विचारलेंच नाहीं.

त्यानंतर वर्षभर मीं त्या मिस्त्रींजवळ बसून जें शिकलों, त्यांतील चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट ब्रेकाची. तबकडी व गुटके यांस तेल, ग्रीस, इतकेंच काय पण तेलकट बोटही लावूं नये. गुटक्यावरील घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या आसपास उरला कीं नवे गुटके घालावे. नवे घातल्यावर सपाट रस्त्यावर पंधरावीस वेळां वेग घेऊन हळूहळू थांबवावी, म्हणजे ते तबकडीशीं जुळतात. तोंवर घाटांत जाऊं नये. ज्या ब्रेकांत तारेऐवजीं द्रव असतो, त्यांत बनविणाऱ्यानें सांगितलेलाच द्रव घालावा. एकाचा दुसऱ्यांत घातला तर आंतील रबरें खराब होतात. उतारावर ब्रेक सारखा धरून ठेवूं नये. वळणापूर्वीं दाबावा, मग सोडावा, म्हणजे तबकडीस निवावयास अवसर मिळतो.

दुसरी सांखळीची. हिला मात्र तेल हवें, पण तें तबकडीकडे उडणार नाहीं अशा बेतानें, एकेका सांध्यावर एक थेंब. आणि मग वरचें तेल फडक्यानें पुसून टाकावें. तेल आंत हवें, बाहेर राहिलेलें तेल धूळ धरतें आणि त्या दोहोंची कानस होते. पावसाळ्यांत दाट तेल, उन्हाळ्यांत पातळ. सांखळी लांबली असें आपण म्हणतों. वस्तुतः पोलाद ताणलें जात नाहीं, सांध्यांतील खिळे व त्यांभोंवतालचा भाग झिजतो. शाळेंतली फूटपट्टी घ्या. प्रत्येक सांधा अर्ध्या इंचाचा, म्हणून चोवीस सांधे बरोबर १२ इंचांत बसले पाहिजेत. खिळा एक सोळांश इंच पुढें सरकला असेल तर सांखळी बदलावी. एक अष्टमांश सरकेपर्यंत थांबलांत, तर तोंवर दंतचक्रांचे दांतही झिजून गेलेले असतात, आणि थोडक्यांत भागणारा खर्च अनेक पटींनीं वाढतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरांत आमच्या कुंभार गल्लीच्या बाजूस पाणी चढलें, आणि तें ओसरल्यावर चिखलानें भरलेल्या सायकलींची रांग मिस्त्रींच्या दारांत लागली. कित्येकांनीं वरून पाणी मारून, सांखळीस तेल देऊन त्या चालूं केल्या. महिन्यादोन महिन्यांत त्यांचे छर्रे गंजले व हब खरखरूं लागले. पुरांत बुडालेली सायकल बाहेरून स्वच्छ दिसली तरी तिच्या हबांत, पायडलांच्या मधल्या आंसांत आणि हँडलाच्या नळींत गाळ बसलेला असतो. ती उघडून, धुवून, वाळवून नवें ग्रीस भरल्यावांचून गत्यंतर नाहीं. पावसाळ्यांत मसाई पठारावरून वा गगनबावड्याच्या वाटेवरून चिखल तुडवून आलेल्या सायकलीसही हाच नियम थोड्या प्रमाणांत लागू आहे. मात्र जोराच्या पाण्याची धार हबावर धरूं नये. ती घाण काढण्याऐवजीं आंत ढकलते.

चौथी गोष्ट निवडीची. दुकानांत गेल्यावर गिअर किती, हा प्रश्न प्रथम विचारूं नये. एकवीस गिअरांपैकीं पुष्कळ जोड्या एकमेकींच्या इतक्या जवळ असतात कीं त्यांचा निराळा उपयोग नसतो. सर्वांत हलकी जोडी किती हलकी आहे, तें दांत मोजून पाहावें. सायकलीवर पाय टेकून उभें राहिलें असतां वरच्या दांडीपासून एक-दोन इंच मोकळे राहतील असें माप घ्यावें. “मूल वाढेल” म्हणून मोठी सायकल घेऊं नये. स्वस्तांतील स्प्रिंगचा चिमटा वजन वाढवितो आणि काम थोडें करतो. त्यापेक्षां साधा चिमटा आणि चांगला ब्रेक घ्यावा. खेड्यांत राहणाऱ्यानें तारेचा ब्रेक पसंत करावा, कारण तार कोठेंही मिळते. टायरांत हवा डांबरी रस्त्यावर चाळीस-पन्नास पौंड, मातीखडकावर तीसच्या आसपास. पण टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडूं नये.

आतां शेवटचें. नातवाचा हात बरा झाल्यावर पुन्हा पन्हाळ्यास जावयाचें त्यानेंच काढलें. मी कांहीं बोललों नाहीं. निघण्यापूर्वीं त्यानें स्वतः गुटके पाहिले, सायकल पुढें ढकलून एकेक ब्रेक निरनिराळा दाबून पाहिला. मीं संवयीनें तेलाची कुपी हातांत घेतली होती. तो हंसून म्हणाला, “आबा, ती सांखळीपुरती.” मीं कुपी त्याच्या हातीं दिली. वाघबिळाशीं तो थांबला आणि त्यानें पुन्हा एकदां ब्रेक तपासले. मग माझ्याकडे वळून, माझ्या जुन्या सायकलीचेही तपासले. मागच्या ब्रेकाचें रबर झिजलेलें निघालें. त्या दिवशीं आम्हीं दोघांनींही सायकली हातांत धरून गड उतरला. वेळ दुप्पट लागला, पण घरीं दोघेही धडपणें आलों.

माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांस माझी विनंति एवढीच. मुलांच्या हातांतील नव्या यंत्रांत आपलें जुनें ज्ञान निरुपयोगी ठरतें असें नाहीं. परंतु तें वापरण्यापूर्वीं त्यांस एकदां विचारावें. आणि मूल म्हणालें कीं ब्रेक मऊ लागतो, तर तेथेंच उतरावें.