तुंबा कुरकुरतो तेव्हा



बैलगाडीच्या चाकात मधोमध जो लाकडी गोळा असतो, ज्यात सगळे आरे येऊन बसतात, त्याला आपल्याकडे तुंबा म्हणतात. सायकलच्या दुकानात त्यालाच हब म्हणतात. गाडीचे वंगण संपले की चाक असे करकरते की सारी वाट ऐकते. सायकलचा हब मात्र सोशिक. तो आतल्या आत झिजतो, आणि बोलू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आज बोलायचे आहे ते या हबविषयी. त्यातही जिला आपण एमटीबी म्हणतो, त्या डोंगरी सायकलच्या मागच्या हबविषयी.

या सायकलचा आणि मागच्या हबचा संबंध जन्मापासूनचा आहे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी हा डोंगराळ मुलूख आहे. तिथले काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवून मातीच्या रस्त्याने खाली सोडत. १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी शर्यती सुरू केल्या. दोनेक मैलांत सुमारे १३०० फूट उतरायचे. ब्रेक मागच्या हबच्या पोटात, पेडल उलटे दाबले की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचे. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रिपॅक' म्हणतात, आणि तेच नाव त्या उताराला पडले. त्या टोळक्यातले जो ब्रीझ, गॅरी फिशर पुढे स्वतःच अशा सायकली बनवू लागले.

आपल्याकडे या सायकली डोंगरावर क्वचितच जातात. माझा भाचा पुण्यात अशाच एका जुन्या, गिअरच्या सायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. गतिरोधक, खड्डे, पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेले पाणी, हाच त्याचा डोंगर. सायकल थांबली की कमाई थांबली. त्यामुळे "मामू, मागचं चाक डोलतंय," असे तो म्हणाला, तेव्हा ते हौशी माणसाचे दुखणे नव्हते.

मागचेच चाक का? एक तर अंगाचा जास्त भार त्याच्यावर, शिवाय साखळीचा ओढा. पण स्वस्त गिअरच्या सायकलींत रचनेचीही एक खोट असते. दातेरी चकत्यांचा फ्रीव्हील हबच्या उजव्या अंगाला आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. त्याला जागा द्यायची म्हणून उजवीकडचे छर्रे आत, चाकाच्या मध्याकडे सरकलेले असतात. छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंत आस अधांतरी. मागचे चाक खड्ड्यात आदळले की आस तिथे वाकते, कधी मोडतेही. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहब आणला. त्यात फ्रीव्हीलची यंत्रणा हबचाच भाग झाली आणि उजवीकडचे छर्रे पार बाहेर, फ्रेमजवळ गेले. चांगल्या सायकलींना हे सुख मिळाले. भाच्याच्या सायकलला नाही.

हब दुखावला आहे की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही. सायकल उभी धरा, फ्रेम एका हाताने घट्ट पकडा आणि दुसऱ्या हाताने मागची रिम डावी-उजवीकडे हलवा. चाक खटखटले, तर आत ढिलाई आहे. मग चाक उचलून फिरवा आणि सीटखालून मागे येणाऱ्या दांडीला बोटे लावा. जात्यासारखी घरघर बोटांना जाणवली, तर आतले पृष्ठभाग खराब होऊ लागले आहेत. नुसती ढिलाई हे छोटे दुखणे आहे. चेकनट सैल करून कोन जरासा आवळला की काम होते, त्याला पातळ पान्हा तेवढा लागतो. पण ढिलाई तशीच ठेवून महिनाभर सायकल दामटली, की छोट्याचे मोठे होते.

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी चाक उतरवले, हब उघडला. मागच्या हबमध्ये साधारणपणे प्रत्येक बाजूला पाव इंचाचे नऊ छर्रे असतात. इथे ग्रीसच्या जागी काळपट चिखल होता. दोष पावसाचा, तसाच पाइपने जोराचे पाणी मारून सायकल धुण्याचाही. आणि तेलाचाही. आपल्या दुकानांत ओव्हरहॉलिंगला सर्रास 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. शब्दांच्या धंद्यातला माणूस म्हणून मला हा शब्द भारी आवडतो, पण हबच्या तब्येतीला तो मानवत नाही. पातळ तेल ओतले की ग्रीस विरघळून वाहून जाते आणि पाण्याला वाट मोकळी होते.

सगळे पुसून झाल्यावर चाचांनी माझ्या खिशातले बॉलपेन मागून घेतले आणि त्याचे टोक कोनाच्या गोल वाटेवरून हळूच फिरवले. अडखळले. मग हबमधल्या कपातून फिरवले. तिथेही अडखळले. डोळ्याला न दिसणारा खड्डा पेनला लागतो. "कोन बदल जाएगा मियाँ, कप का क्या करें?" चाचा म्हणाले.

सगळा निवाडा या एका वाक्यात आहे. छर्रे स्वस्त असतात, हब उघडला की ते नवे घालावेत. कोन आणि आस सुटी मिळतात. पण कप हबच्या अंगातच ठोकून बसवलेला असतो, आणि स्वस्त हबसाठी सुटा कप सहसा मिळत नाही. खडबडीत कपात नवे छर्रे घातले, तर चार दिवस बरे वाटते, मग तेच छर्रे नव्या कोनालाही खातात.

तेव्हा हब बदलायचा. इथे दुकानदार म्हणतात, अख्खे चाकच नवे घ्या. खरे सांगायचे तर साध्या सायकलीत हब, स्पोक आणि मजुरी मिळून खर्च तयार चाकाच्या आसपास जातो, कधी पुढेही. रिम वाकलेली किंवा ब्रेकने झिजलेली असेल, तर मीही नवे चाकच घ्या म्हणेन. भाच्याची रिम मात्र धड होती. आणि घाईने बांधलेल्या तयार चाकांचे स्पोक बहुधा सैल असतात, ते पुन्हा ताणावे लागतातच.

हब घेताना स्पोकची भोके मोजावीत. ती ३२ किंवा ३६ असतात. फ्रेममध्ये हब जिथे बसतो, ती रुंदी या पिढीच्या सायकलींत बहुतेक १३५ मिलिमीटर असते. नव्या महागड्या सायकलींत १४२ किंवा १४८. फ्रीव्हीलचा हब की फ्रीहब, डिस्क ब्रेक आहे की नाही, हेही पाहावे. आणि एक गोष्ट विसरू नये: स्पोक कापण्याआधी फ्रीव्हील काढून घ्यावा. पेडल मारून मारून तो घट्ट बसलेला असतो. चाक अख्खे असेतो रिम धरून जोर लावता येतो. नुसता हब हातात राहिला की तो कशाने धरणार?

चाचांनी रिम मांडीवर घेतली आणि एकेक स्पोक विणत गेले. मागच्या चाकात उजवीकडचे स्पोक जास्त ताणावे लागतात, कारण फ्रीव्हीलला जागा देऊनही रिम बरोबर मधोमध यायला हवी. हे ताण ते टिचकी मारून कानाने जोखतात. स्पोक विणणारे हात आता कमी झालेत. तयार चाक विकण्यात दुकानाचा वेळ वाचतो, यात दुकानदाराचे काही चुकत नाही. पण उद्या एका हबसाठी धडधाकट रिम भंगारात जाईल, त्याचे पैसे डबे पोचवणारा पोरगाच भरेल.

नवे बांधलेले चाक थोडे चालले की स्पोक आपापल्या जागी बसतात आणि ताण उतरतो. म्हणून आठवड्याभराने ते पुन्हा दाखवावे. भाच्याने दाखवले. डावीकडचे दोन स्पोक सैल निघाले. ते आवळून होईपर्यंत त्याचा चहाही पिऊन झाला नव्हता.