आपल्या गावाचे आकाश



मुंबईसाठी छापलेली सूर्योदयाची वेळ चामोर्शीला लागू पडत नाही. आपण मुंबईच्या सुमारे ७ अंश पूर्वेस आहोत. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. म्हणून येथे सूर्य सुमारे २८ मिनिटे आधी उगवतो.

‘स्टेलॅरियम’ ही विनामूल्य संगणक-प्रणाली असेच गणित प्रत्येक ग्रहताऱ्यासाठी करते. अक्षांश, रेखांश आणि वेळ दिली की ताऱ्याची दिशा व क्षितिजापासूनची उंची ती सांगते. मात्र मुंबईचे स्थान देऊन मिळालेले उत्तर मुंबईचेच असेल. चामोर्शीसाठी स्थूलमानाने २० अंश उत्तर व ८० अंश पूर्व असे नोंदवावे.

उत्तराचा पडताळा आकाशातच घ्यावा. ध्रुवताऱ्याची उंची आपल्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २० अंश असते. लांब धरलेल्या हाताची मूठ जवळजवळ १० अंश व्यापते. उत्तर क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली की ध्रुव सापडतो.

प्रत्येक शाळेने हा प्रयोग करावा व त्या रात्री ग्रामपंचायतीने तासभर पथदिवे मालवावेत. छापील आकडा स्वतः पडताळून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर विज्ञान गावात पोहोचले असे म्हणता येईल.