लपेटीचे अक्षर आणि आपली पत्रिका
(मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



चतुर्थी जवळ आली की आम्हां सरकारी कार्यालयांत बसणाऱ्यांकडे मंडळाचे एक काम हमखास येते. पत्रिका, फलक, स्मरणिकेचे मुखपृष्ठ 'जरा देखण्या फाँटमध्ये' करून द्या! हाताने लिहिल्यासारखे लपेटीचे अक्षर सर्वांना हवे असते. हवेच. पेडणे-डिचोलीकडे नाटकांचे फलक रंगारी हाताने रंगवीत, ते पाहत आपण वाढलो. कमल शेडगे यांनी तर मराठी नाटकांच्या जाहिरातींत एकेका नाटकाला त्याचे स्वतःचे अक्षर दिले.

लपेट आपल्याला नवीन नाही. मोडी ही आपलीच धावती लिपी. लेखनिक आधी ओळभर शिरोरेषा ओढी, मग हात होता होईल तो न उचलता तिच्याखाली लिहीत जाई. इथे पणजीत पुराभिलेख खात्यातही मोडी कागद आहेत. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचे वळण आजच्या सुलेखनात आणले.

संगणकावर मात्र गाडी अडते. इंग्रजी लपेटीत एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला खालून भेटते. देवनागरी जुळते ती वरून, शिरोरेषेने. म्हणून अक्षरे नुसती तिरकी केली की ती वाऱ्याने कलंडल्यासारखी दिसतात. खरी लपेट वेलांटीच्या कमानीत आणि उकाराच्या वळणात असते. 'कलम' आणि 'तिल्लाना' हे मोफत मिळणारे फाँट या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. आम्हांला कलम अधिक भावतो.

आणखी एक. फलकाची रुंदी भरावी म्हणून अक्षरांतले अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि 'सार्वजनिक' या शब्दाचे सुटे मणी होतात.

हाताला सगळी जोडाक्षरे येतात. फाँटला घडवणाऱ्याने दिली तेवढीच. 'ऱ्य' नीट उमटला नाही की टाइप करणारा 'र्य' ठोकून मोकळा होतो, आणि महाप्रसाद रांधणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार 'आचार्यांचा' होऊन बसतो! ल आणि श यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श वापरण्यास सांगितले. पुष्कळ फाँटांत हिंदी वळणाचेच येतात. घरातल्या शालिनीताईंचे नाव परक्या वळणात का छापावे?

म्हणून छपाईवाल्याकडे गेलो की आम्ही एक ओळ टाइप करायला लावतो: 'श्री गणेश, डिचोलीच्या आचाऱ्यांची शाळा, ज्ञानेश्वर, लहान मूल.' ती धड उतरली तर फाँट घ्यायचा, तोही मंडळाच्या नावापुरता आणि मोठ्या आकारात. आरतीच्या वेळा आणि वर्गणीदारांची नावे साध्या अक्षरातच. आजींना त्या उदबत्तीच्या धुरातही वाचता यायला हव्यात.

यंदाच्या पत्रिकेचे दोन नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा घेताना पाहा, आणि आपापले नाव तेवढे तपासून घ्या.