वारूळ न मोडतां

शाळेची सहल म्हटली कीं घरोघरीं डबे, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या यांचीच धांदल उडते. सहलींतून मूल काय शिकून आलें, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. कपड्यांना चिकटून आलेला कचरा पाहून रागावणेंच अधिक होतें. परंतु तो कचराही विद्येचा विषय होऊं शकतो.

पुण्याच्या एका शाळेंतील सातवीचा वर्ग मार्गशीर्षांत शहरानजीकच्या टेकडीवर गेला होता. झुडपांतून जातांना मुलांच्या मोज्यांस लांडग्याचीं काटेरी फळें चिकटलीं. मुलें तीं उपटून फेकूं लागलीं, तोंच बरोबरच्या बाईंनीं त्यांच्या हातीं भिंगें दिलीं. काट्याचें टोंक सरळ नसून आंकड्यासारखें वळलेलें आहे, असें दिसून आलें. मग बाईंनीं एका मुलाच्या बुटाचा पट्टा चर्रकन् उघडून दाखविला. त्याच्या एका बाजूस आंकडे होते, दुसऱ्या बाजूस बारीक फांसे. १९४१ सालीं जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस अभियंता कुत्र्यास घेऊन फिरावयास गेला असतां अशींच फळें कुत्र्याच्या केंसांत अडकलीं. तीं त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं. त्यांतून हा पट्टा सिद्ध होऊन पेटंट हातीं येण्यास मात्र १९५५ साल उजाडलें.

पुढें ओढ्याकांठीं अळू माजलें होतें. ‘अळवावरचें पाणी’ हा शब्दप्रयोग मुलांनीं निबंधांत अनेकदां केला होता. पाणी त्या पानावर ठरत कां नाहीं, हें मात्र कोणी विचारलें नव्हतें. एका मुलीनें पानावर चिमूटभर माती टाकून ओंजळीनें पाणी सोडलें. थेंब घरंगळले आणि जातां जातां माती घेऊन गेले. कमळाच्या पानाचा हाच गुण विल्हेल्म बार्थलॉट व क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं उलगडून दाखविला. गुळगुळीत भासणारें तें पान मेणाच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांनीं भरलेलें असतें. थेंब केवळ त्यांच्या टोंकांवर टेकतो. म्हणून तो पसरत नाहीं, आणि धूळही घट्ट बसत नाहीं. पुढें याच तत्त्वावर घरांच्या बाहेरील भिंतींचे रंग तयार झाले.

ओढ्यापलीकडे एक उंच वारूळ होतें. आंत काय आहे तें पाहण्यासाठीं एका मुलानें काठी उगारली. बाईंनीं त्याचा हात धरला.

“मोडून पाहिलेंस, तर मोडलेलें वारूळ दिसेल. चालतें वारूळ दिसणार नाहीं.”

त्यांनीं त्याला वारुळाच्या उन्हांतल्या कंगोऱ्यांवर आणि मग सावलींतल्या बाजूवर हात ठेवावयास सांगितलें. एक बाजू ऊन होती, दुसरी गार. १९९६ सालीं झिंबाब्वेच्या हरारे शहरांत ईस्टगेट नांवाची प्रचंड इमारत उभी राहिली. वारूळ धुराड्याप्रमाणें उष्ण हवा वर सोडून आंतील घर थंड राखतें, या समजुतीवरून वास्तुविशारद मिक पिअर्स यांस तिची कल्पना सुचली. रात्रींची गार हवा पंख्यांनीं आंत खेळवून काँक्रीट थंड करावयाचें आणि तोच गारवा दिवसा वापरावयाचा, अशी ती योजना. पुढें संशोधकांस आढळलें कीं, वारुळाचें मुख्य काम गारवा देणें नसून श्वासोच्छ्वास हें आहे. दक्षिण भारतांतील वारुळांवर केलेलें असें एक संशोधन २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. दिवसा कंगोरे तापून त्यांतील हवा वर चढते आणि मधल्या पोकळींतून खालीं उतरते. रात्रीं हा प्रवाह उलटतो. अशा रीतीनें आंतील दूषित वायु बाहेर पडतो.

“मग ती इमारत चुकली का, बाई?” त्या मुलानें विचारलें.

“इमारत चुकली नाहीं. वारुळाविषयींची समजूत अपुरी होती. निसर्गाला गुरु करावें. पण आपण ऐकलें तें बरोबर कीं नाहीं, हें पुनःपुन्हां तपासावें.”

मुलानें काठी खालीं टाकली नाहीं. तिनें त्यानें वारुळाची उंची मोजली आणि वहींत टिपून घेतली.

निसर्गाचें रूप उचलणें सोपें असतें, त्या रूपामागील कारण ओळखणें कठीण. तें कारण हातीं लागावयाचें तर आधीं हात आवरावा लागतो. घरीं परतलेल्या मुलाच्या मोज्यावरचें फळ केरांत टाकण्यापूर्वीं वडील मंडळींनींही तें क्षणभर उजेडांत धरून पाहावें; सहलीचा उरलेला अर्धा भाग तेथेंच पुरा होईल.