पहिली-दुसरीचा पाया
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. तो व्हायलाच हवा. पण मी आज पहिली-दुसरीच्या पोरांविषयी बोलणार आहे. दहावीला अडणारं मूल पुष्कळदा दुसरी-तिसरीतच अडलेलं असतं; आपल्याला ते दिसतं उशिरा.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात हेच मांडले. शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. नाव पटावर आले म्हणजे शिक्षण झाले नव्हे. मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेचे ध्येयही तेच आहे: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधे हिशेब यावेत.

मग अडतं कुठे? पहिली अडचण भाषेची. आपलं मूल घरी ‘माका व्हया’ म्हणतं. शाळेत पहिल्याच दिवशी ‘नीट बोल’ म्हणून दटावलं, की ते गप्प बसतं. जे बोलत नाही ते वाचायला कसं शिकणार? मालवणी ही चूक नव्हे, ती त्याची शिदोरी आहे. त्याला आधी मालवणीत बोलू द्या, गजाली सांगू द्या. ‘माका’वरून ‘मला’वर ते आपोआप येईल.

दुसरी अडचण पाठांतराची. चौतीस व्यंजनांची बारा-बारा रूपे म्हणजे चारशेच्या वर अक्षरे. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे एखादा साधा शब्द ठेवला तर ते थबकतं, असं कितीदा होतं! त्यापेक्षा ग, म, र, घ ही चारच अक्षरे शिकवा. लगेच घर, गर, गरम, मगर हे शब्द वाचता येतात. एक काना दिला की राग, घाम, मामा. आपण वाचतोय हे मुलाला पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे.

तिसरी अडचण आकड्यांची. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून पोर ७२ लिहून मोकळं होतं. ते ‘ढ’ नसतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. वाद राहू द्या. माडाच्या हिरांच्या दहा-दहाच्या दोन जुड्या आणि सात सुटे हीर पोराच्या हातात द्या. दोन दशक कुठले, सात एकक कुठले, ते त्याला डोळ्यांनी दिसेल. बाजारात मासळीचे वाटे घालतात, तोही भागाकारच!

हे काही नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांना शंख-शिंपले, पाने, बिया घेऊनच शिकविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. महागडी साधने लागली नाहीत. शंख-शिंपल्यांचा आपल्या किनाऱ्यावर काय तुटवडा?

याचा अर्थ चार वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबायची, असा नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिलीचे वय सहा आहे. त्याआधी गाणी, गोष्टी, माती, वाळू पुरे. पण ‘खेळता खेळता येईल कधीतरी’ म्हणून पहिली-दुसरी वाया घालवणेही परवडणारे नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, शिकवणीला पैसे आहेत, त्याचे शाळेवाचून भागेल. आपल्या मुलाला शाळा हीच एक वाट आहे. तिथे ते वाचायला शिकले नाही, तर दुसरीकडे कुठे शिकणार?

म्हणून मातापित्यांना एवढीच विनंती. किती मार्क पडले हे विचारू नका. रोज संध्याकाळी ‘वाच बघू, आणि काय समजलं ते सांग’ एवढं म्हणा. आपल्याला वाचता येत नसलं तरी ऐकता येतंच. आणि विहारात आठवड्यातून एक तास शिकलेल्या तरुणांनी या लहानग्यांना गोष्टीची पुस्तके वाचून दाखवावीत. ‘शिका’ हा आदेश पहिलीपासून सुरू होतो.

जय भीम!